छान दिसतेस

आईने तिसरा डाव वाढायला उचलला तेव्हा किझ्झाने ताटावर हात आडवा धरला. मटोकेची वाफ तिच्या बोटांमधून वर येत राहिली. चटईच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या लिओकाडिया आत्याने घास हातातच धरून दोघींकडे पाहिलं.

"पुरे, आई."

"अजून सुरुवात कुठे केलीस," आई म्हणाली, आणि किझ्झाच्या बोटांच्या कडेने जिथे जागा मिळाली तिथे वाढून मोकळी झाली.

भल्या सकाळी उठून तिने मटोकेसाठी हिरवी केळी सोलली होती, पानांत बांधून चुलीवर चढवली होती, मऊ झाल्यावर पानांवरूनच दाबून दाबून कुस्करली होती. शेंगदाण्याचं कालवण होतं, कोंबडी होती. कंपालाहून लेक आली की या घरात असंच व्हायचं, आणि लेकही अशी जेवायची की करणारीच्या हातांचं चीज व्हावं. आज मात्र लेक तीन घास खाऊन ताटाशी खेळत बसली होती. ढिगाला खड्डा पाडायचा, थोडं कडेला सारायचं, वरून कालवण पसरायचं. खाल्ल्यासारखं दिसलं म्हणजे झालं. चौथ्या घासाला छातीत दगड अडकल्यासारखं होतं, हे ती आता शिकली होती.

"काल सांगितलं ना तुला," ती म्हणाली. "अल्सर झालाय. डॉक्टरांनी थोडं थोडंच खायला सांगितलंय."

आईने डाव भांड्यात ठेवला. "हो, सांगितलंस खरं," ती म्हणाली, आणि पानांची टोकं पुन्हा दुमडून तिने उरलेलं अन्न झाकून टाकलं. जेवणानंतर किझ्झा चुलीच्या खोपटामागे जाऊन गोळ्या घ्यायला लागली तेव्हा आई न मागता पाण्याचा पेला घेऊन आली. गोळ्यांची बाटली तिने पाहिली, पण कसल्या म्हणून विचारलं नाही. किझ्झाला हायसं वाटलं.

अल्सर वगैरे काही नव्हता. नैरोबीच्या एका दवाखान्यात तिच्या पोटाचा पाऊण हिस्सा कापून काढला होता, आणि तोही तिने स्वतः हौसेने सही करून. कंपालातल्या आपल्या दुकानातल्या मुलींना तिने कापड आणायला चाललेय म्हणून सांगितलं, आईलाही फोनवर तेच. रक्तात साखर वाढली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि असंच चाललं तर आधी डोळे जातील, मग पाय, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ही झाली चारचौघांत सांगण्यासारखी कारणं. न सांगण्यासारखं कारण कंपालातल्या एका मिनीबस टॅक्सीत घडलं होतं. भरल्या गाडीत कंडक्टरने तिच्याकडे दोन जागांचं भाडं मागितलं. सगळी गाडी हसली, आणि गाडीबरोबर तीही हसली. घरी येऊन मात्र तिने आरशावर गोमेसीचं, इकडच्या बायकांच्या पायघोळ पोशाखाचं, कापड टाकलं ते महिनाभर काढलं नाही.

पण हे आईला सांगायचं कसं? किझ्झा म्हणजे जुळ्यांच्या पाठीवर आलेलं मूल. तिच्याआधी बाबिर्ये आणि काटो ही जुळी झाली, म्हणून गाव आईला अजूनही नालोंगो म्हणतं, जुळ्यांची आई. जुळी मात्र केव्हाच गेली. आधी बाबिर्ये, वर्षाच्या आत काटो, दोघंही त्याच आजाराने, एड्सने. तो माणसाला वाळवत वाळवत न्यायचा म्हणून इंग्रजीतल्या स्लिम, म्हणजे बारीक, या शब्दाचं इकडच्या जिभेवर वळून सिलिमु झालं होतं. या भागातलं एक घर त्यातून सुटलं नव्हतं. किझ्झा तेव्हा नन्सच्या शाळेत वसतिगृहात होती. तिला दोन्ही वेळा थेट मातीलाच बोलावलं.

त्यानंतर जी उरली ती आईने पोसली. आणि किझ्झाही अंगाने अशी भरत गेली की आईने कृतकृत्य व्हावं. आलेल्या पाहुण्यापुढे आई तिला उभी करायची, दंडावर थोपटायची आणि म्हणायची, ही माझी किझ्झा. एवढंच. पुढचं पाहुण्याने समजून घ्यायचं, की बघा, हिच्या वाटेला तो गेला नाही. लेकीचा लठ्ठपणा हे त्या बाईच्या आयुष्यातलं एकमेव यश होतं, आणि लेक ते नैरोबीला टाकून आली होती.

काल ती आली तेव्हा आई अंगणात कॉफीच्या बिया वाळत घालत होती. मोटरसायकलवरून उतरलेल्या बाईकडे तिने आधी परक्यासारखं पाहिलं. मग हातातलं सूप तसंच धरून पुढे आली आणि ओळखीच्या खड्या आवाजात सुरू झाली, "वाळलीस गं. काय अवतार केलायस हा? दुकानदारीत जेवायचंसुद्धा विसरलीस का? गळ्याची हाडं बघ तुझ्या, त्यांवर कपडे वाळत घालता येतील." किझ्झा गुडघे टेकून नमस्कार करता करता हसत होती. शिव्या खायच्याच तयारीने ती आली होती, आणि त्या खाताना तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिघी मिस्साला गेल्या. किझ्झाने नवी गोमेसी घातली होती. जुन्या गोमेसीचा कमरपट्टा आता कमरेभोवती दोन वेढे घेऊनही लोंबला असता, म्हणून तिने मुद्दाम शिवून घेतली होती. खांद्यांवरची उंच टोकं नीट उभी राहत होती. देवळाच्या पटांगणात एकेक बाई येऊन तिचे दोन्ही हात हातात घेत होती. शाळेतली मैत्रीण आली, धर्मशिक्षकाची बायको आली, ज्या म्हातारीला समोरचं धड दिसत नव्हतं तीसुद्धा आली.

"छान दिसतेस, किझ्झा," त्या म्हणत होत्या. "फार छान दिसतेस हं."

खोटं कशाला बोला, किझ्झा फुलून गेली होती. ज्या गावात अंगाने भरलीस असं म्हणून माणसाचं कौतुक करतात, तिथे कुणी बारीक बाईला छान म्हणेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला वाटलं, गावही बदललं म्हणायचं. आता सांगून टाकायलाही हरकत नाही, कदाचित दोघी-तिघी नैरोबीचा पत्तासुद्धा विचारतील.

परतताना आई फादरांशी काही बोलायला मागे थांबली. आत्या आणि किझ्झा केळीच्या बागांमधल्या लाल वाटेने पुढे निघाल्या. आत्या म्हणजे किझ्झाच्या वडिलांची बहीण. मुलींच्या आयुष्यातलं जे आई विचारू शकत नाही ते विचारण्याचा मान इकडे आत्याचा असतो, आणि लिओकाडिया आत्याने तो मान कधीच सोडला नव्हता.

"खूश दिसतेस," ती म्हणाली.

"सगळ्या छान दिसतेस म्हणाल्या. मला वाटलं होतं नावं ठेवतील."

आत्या थांबली. कपाळावरचा घाम तिने पदरासारख्या कापडाने टिपला आणि मग इतक्या हळू बोलायला लागली की किझ्झाला जवळ सरकावं लागलं. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला माहीत नाही, ती म्हणाली. त्या वर्षांत आम्ही कुणालाच वाळलीस म्हणत नव्हतो. वाळलीस हे धडधाकट माणसाला म्हणायचं. ज्याचं कळून चुकलंय त्याच्याकडे साखर आणि साबण घेऊन जायचं, खाटेशी बसायचं, आणि म्हणायचं, छान दिसतोस. कूस वळवता येत नसे अशा माणसालाही आम्ही तेच म्हणत आलो. दुसरं काय म्हणणार होतो?

किझ्झाने मागे वळून देवळाच्या दिशेला पाहिलं.

"सगळ्या गावाने आज सकाळी तुला माती दिली, पोरी. शेजारच्या मुकासाचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी कंपालाहून येऊन किझ्झा वाळलीय म्हणून सांगून गेला तेव्हापासून इथे तुझंच चाललंय. आणि त्यात तू येऊन आईला अल्सर सांगितलास."

"मग?"

"बाबिर्येने अल्सरच सांगितला होता. याच शब्दात. डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय म्हणून."

वाटेवरून एक सायकल गेली, मागे केळ्यांचे घड बांधलेली. दोघी बाजूला झाल्या. मग आत्याने, आपल्या अधिकारात, सरळ विचारलं, तेच आहे का? किझ्झाने नाही म्हटलं. मग काय आहे, असं विचारल्यावर तिने तिथेच वाटेवर सगळं सांगून टाकलं: दवाखाना, सही, टॅक्सी, आरसा.

आत्याने ऐकून घेतलं, आणि मग तिला हसू फुटलं. पोट धरून हसली. "पैसे मोजून वाळलीस?" ती म्हणाली. "आमच्या वेळी फुकट होतं गं." पण ते हसू मध्येच विझलं, आणि ती डोळे पुसत राहिली, आणि ते पुसणं बराच वेळ संपेना.

"आईला सांगते आज," किझ्झा म्हणाली.

आत्याने मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही. तुझ्या आईने बाबिर्येला नाचणीची पेज चमच्याने भरवली आहे, ती म्हणाली. दिलेला चमचा बाहेर यायचा आणि ही पुन्हा भरवायची. लेकीच्या हाडांवर मूठभर मांस चढावं म्हणून तिने देवापुढे काय काय कबूल केलं ते तिलाच ठाऊक. त्या बाईला तू जाऊन सांगणार, की धडधाकट असताना मी आपणहून पोट कापून टाकलं.

"सिलिमु तिने दोनदा सोसलाय," आत्या म्हणाली. "हे तिला सोसेल का, मला नाही सांगता येत. आणि एक ऐकून ठेव. परवा तू उतरलीस तेव्हा ती तुला वाळलीस म्हणाली. मुकासाच्या मुलाचं ऐकूनही म्हणाली. सगळ्या गावात तेवढी एकटीच तुला अजून धडधाकट धरून चाललीय."

दुपारभर किझ्झा या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सांगितलं तर आईच्या वर्मावर घाव, आणि नाही सांगितलं तर आई तिसऱ्या लेकराचं सुतक जिवंतपणीच धरून बसणार. ऊन उतरल्यावर ती आईला शोधत घरामागच्या केळीच्या बागेत गेली. तिथे टोकाला जुळ्यांच्या कबरी आहेत, अलीकडे वडिलांची. आई वाकून बाबिर्येच्या कबरीभोवतीचं गवत खुरपत होती. काटोच्या पलीकडे दोन कॉफीची झाडं असायची. लहानपणी किझ्झा त्यांच्या सावलीत बसून अभ्यास करायची. तिथे आता जमीन सपाट केलेली होती.

"इथली झाडं कुठे गेली, आई?"

"काढली. म्हातारी झाली होती."

म्हातारी झाली नव्हती. गेल्या हंगामात त्यांच्याच कॉफीची पिशवी आईने कंपालाला पाठवली होती. किझ्झा त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली. जागा लांबीला माणसाएवढी होती, आणि रुंदीला, आता, पुरेशी होती. मग तिला राहवेना.

"आई, मला सिलिमु नाही."

हा शब्द त्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. आईने झटकन कबरींकडे पाहिलं, जणू लेकरांनी ऐकू नये.

"मी ऑपरेशन करून घेतलं. बारीक होण्यासाठी. माझी मी, मुद्दाम. अल्सर खोटं होतं, मला लाज वाटत होती म्हणून सांगितलं."

"मुद्दाम कोण बारीक होतं, बाळा," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो खडा आवाजही नव्हता.

किझ्झाने पुढचं बोलणं सोडून दिलं आणि ब्लाउज वर केला. पोटावर इकडेतिकडे बोटाच्या पेराएवढे काळे, फुगीर व्रण होते. दुर्बिणीने ऑपरेशन करतात तेव्हा तेवढीच भोकं पाडतात. आईने खुरपं खाली ठेवलं, हात कमरेच्या कापडाला पुसले, गुडघ्यांवर आली आणि एकेक व्रण बोटाने चाचपून पाहिला. तिची बोटं खरखरीत आणि गरम होती. किझ्झाला वाटलं, संपलं एकदाचं, आता ओरडेल, मारेलसुद्धा, आणि मारलं तरी चालेल.

"कुणाकडे गेली होतीस?" आईने विचारलं.

"नैरोबीला. दवाखान्यात."

"दवाखान्यात असे काप देतात का?" आईने स्वतःच्या ओटीपोटावर बोट ठेवून आडवी लांब रेघ ओढली. "जुळ्यांच्या वेळी मला इथून इथपर्यंत फाडलं होतं. दवाखान्याचं काम असं असतं."

"आई, आता मशीन असतं, छोटंसं भोक—"

"बाबिर्येलाही इथेच दिले होते," आई म्हणाली.

किझ्झाने ब्लाउज तसाच वर धरून ठेवला.

आई तशीच गुडघ्यांवर बसून, लेकीच्या पोटाशी बोलत असल्यासारखी बोलत होती. मीच नेलं होतं तिला, ती म्हणाली, पलीकडच्या टेकडीवरच्या वैदूकडे. पहाटेची नेली, मिस्साच्या बायका उठायच्या आत, पाठीवर घेऊन, कारण तेव्हा तिचं वजन काही उरलंच नव्हतं. त्याने पात्याने बारीक बारीक काप दिले आणि त्यांत औषधाची राख चोळली. ती माझा हात धरून होती. मला म्हणाली, आई, बरं वाटतंय गं आता.

"तिला काही बरं वाटत नव्हतं," आई म्हणाली. "मला वाटावं म्हणून म्हणाली. फादरांना मी हे कधी सांगितलं नाही. तुझ्या बापालाही नाही."

इतकी वर्षं मुक्याने सांभाळलेलं ते आईने लेकीला देऊन टाकलं होतं, का तर लेकीला आपल्या कापांची लाज वाटू नये. किझ्झाला मोठ्याने सांगावंसं वाटलं की मी खरं बोलतेय, नैरोबीचे कागद आहेत, उद्या रक्त तपासून दाखवते. पण कागद बाबिर्येनेही दाखवले असतील. आणि आई तिच्याकडे अशा मायेने पाहत होती की तिच्यासमोर खरं बोलण्याचीच शरम वाटावी.

"आता गोळ्या असतात," आई म्हणाली. "तिच्या वेळी नव्हत्या. गोळ्या घेऊन माणसं नातवंडं बघतात म्हणे. तू घेतेस ना? काल पाहिलं मी."

त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या. कापलेल्या पोटाला अन्नातलं पुरेसं मिळत नाही म्हणून दिलेल्या.

"घेते," किझ्झा म्हणाली.

"रोज?"

"रोज. जन्मभर घ्यायच्यात."

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. आईने समाधानाने मान डोलवली, ब्लाउज स्वतःच्या हाताने खाली ओढून नीट केला आणि पेज ठेवायला घरात गेली. किझ्झा तिथेच जुळ्यांपाशी बसून रडली. आवाज होऊ नये म्हणून तोंडात ब्लाउजचं टोक धरून रडली, पण मनसोक्त रडली.

त्या संध्याकाळी तिने नाचणीच्या पेजेचा पेला रिकामा केला. अर्ध्यावरच तिचं पोट गच्च झालं होतं, तरी आई समोर बसून बघत होती म्हणून तिने घोट घोट करून सगळी पेज संपवली. मग ती केळीत जाऊन हळूच ओकून आली, आणि आईला ते ऐकू गेलं.

सोमवारी सकाळी मोटरसायकलवाला अंगणात येऊन थांबला. आईने कॉफीची पिशवी, भुईमुगाच्या शेंगा आणि केळ्यांचा एक घड मागे बांधायला लावला. किझ्झा निरोपासाठी गुडघ्यांवर बसली. आईने तिला उठवलं, कमरपट्टा सैल झाला होता तो सोडून पुन्हा घट्ट बांधला, खांद्यांवरची टोकं बोटांनी उभी केली, आणि दोन पावलं मागे सरून तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. किझ्झा वाट पाहत होती. वाळलीस म्हण, आई, ती मनातल्या मनात म्हणत होती. हाडांवरून बोल, दुकानावरून बोल, काहीही बोल.

आईने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"छान दिसतेस, किझ्झा," ती म्हणाली. "फार छान दिसतेस हं."

किझ्झाने मान हलवली.

"बरं वाटतंय गं मला आता," ती म्हणाली, आणि मोटरसायकलवर जाऊन बसली.